दिलेली आणि टाकलेली

मराठीच्या मास्तरणीला परदेशी पाठवले तर ती साबण-अत्तरे आणायची सोडून शब्दच गोळा करून आणील, अशी आमच्या घरात माझी ख्याती आहे, आणि ती काही अगदीच खोटी नाही. २०१९ च्या मे महिन्यात तपासलेल्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे परत केले आणि तीन आठवडे स्वयंसेविका म्हणून मी दक्षिण कोरियात गेले. सोल शहरातल्या एका वृद्धाश्रमात आमच्या तुकडीला काम होते. स्वयंपाकघरात भाज्या चिरायच्या, ताटे-वाट्या मांडायच्या आणि दुपारी आजीबाईंच्या शेजारी बसायचे. भाषा येत नसली तरी आजीबाईंच्या शेजारी बसता येते, हे मला तिथे कळले.

त्या तीन आठवड्यांत पदरात पडलेले शब्द पाहा. आईला तिकडे ‘ऑम्मा’ म्हणतात आणि वडिलांना चक्क ‘आप्पा’! आमच्या सोलापूरकडच्या माणसाला हे ऐकून गहिवरूनच यावे. तान्ह्या मुलाला थोपटताना आपण ‘जो जो’ म्हणतो, तसे त्या बायका ‘जाजांग जाजांग’ म्हणतात. चौथा शब्द मात्र ‘गोआ’. आपला नारळी-पोफळीचा गोवा नव्हे. कोरियन भाषेत ‘गोआ’ म्हणजे अनाथ. हा शब्द मला कुणा माणसाने नव्हे, एका फायलीने शिकवला, आणि या दिवाळीला त्या फायलीबद्दलच लिहायचे आहे.

शिबिरात माझ्या खोलीत डेन्मार्कची एक बाई होती. नाव सांगत नाही, तिची तशी इच्छा आहे. वयाने माझ्या बरोबरीची. चेहरा अस्सल कोरियन, पण बोली डॅनिश आणि माझ्याशी मोडके-तोडके इंग्रजी. बाजारात गेलो की भाजीवाली तिच्याशी भडाभडा कोरियन बोलू लागे. ही गप्प. मग भाजीवाली माझ्याकडे पाही. मी साडीतली, सावळी, माझ्याकडून तिची काहीच अपेक्षा नसे. हिच्याकडून मात्र असे, आणि ती पुरी झाली नाही की ती म्हातारी जीभ टाळ्याला लावून एक आवाज काढी. तो आवाज कुठल्याही भाषेत समजतो.

पाच महिन्यांची असताना तिला डेन्मार्कच्या विमानात बसवले होते. तिच्या सामानात रबरी बुटांचा एक जोड होता, टोकाशी होडीसारखा वर वळलेला, माझ्या तर्जनीएवढा. तिच्या डॅनिश आईने तो चाळीस वर्षे जपला होता. एका रात्री तो पलंगावर ठेवून ती मला म्हणाली, “गुरुवारी मला त्या संस्थेत जायचंय, माझी फाईल बघायला. एकटीनं जायचा धीर होत नाही. येशील?”

मी गेले. पण तिथे पोचण्याआधी थोडे मागे जायला हवे, कारण ही एका बाईची गोष्ट नाही.

१९५० ते १९५३ या काळात कोरियात युद्ध झाले. आपल्याकडच्या जुन्या मंडळींना ते आठवत असे, कारण युद्धबंदी झाल्यावर मायदेशी परत जायला नकार देणाऱ्या कैद्यांवर देखरेख करायला भारतीय फौज तिकडे गेली होती आणि तिचे सेनापती होते आपले कोल्हापूरकडचे मेजर जनरल थोरात. कैद्यांचा प्रश्न कसाबसा सुटला. मुलांचा राहिला. गावेच्या गावे बेचिराख झालेली, पोरकी मुले रस्त्यांवर. त्यांत अमेरिकन सैनिकांपासून कोरियन स्त्रियांना झालेली मुले वेगळ्या तोंडावळ्याची. रक्ताच्या शुद्धतेचा मोठा अभिमान असलेल्या त्या समाजात त्यांना जागा नव्हती, आणि सरकारलाही ती परदेशी गेलेली हवीच होती. १९५५ साली हॅरी आणि बर्था होल्ट या अमेरिकेतल्या ऑरेगनच्या शेतकरी जोडप्याने आठ कोरियन मुले घरी नेली. एका कुटुंबाला एवढी मुले आणता यावीत म्हणून अमेरिकेच्या काँग्रेसला खास कायदा करावा लागला. वर्तमानपत्रांत फोटो झळकले, होल्टांच्या घरी पत्रांचा पाऊस पडला, आणि तिथून जी वाट पडली ती पुढे हमरस्ता झाली.

आता नवलाची गोष्ट अशी की युद्ध संपले, देश सावरला, कारखाने उभे राहिले, जहाजे आणि मोटारी परदेशी जाऊ लागल्या, तरी मुले जायची थांबली नाहीत, उलट वाढली. १९८५ या एका वर्षात ८,८३७ मुले देशाबाहेर गेली. म्हणजे दर तासाला एक! १९८८ साली सोलमध्ये ऑलिंपिक सामने झाले, तेव्हा परदेशी पत्रकारांनी यावर बोट ठेवले आणि मग कुठे तिथल्या राज्यकर्त्यांना शरम वाटली. आजवर अशी सुमारे दोन लाख मुले गेली असावीत असा अंदाज आहे. युद्धातली पोरकी मुले केव्हाच मोठी झाली होती. नंतरची मुले होती गरीब घरांतली, आणि त्याहूनही जास्त लग्नाआधी आई झालेल्या मुलींची.

संस्थेची इमारत चारचौघींसारखीच. दारात जोडे काढून सपाता घालायच्या. हे मात्र घरच्यासारखे वाटले. एका छोट्या खोलीत टेबल, तीन खुर्च्या, आणि टेबलावर कागदी रुमालांचे खोके आधीच ठेवलेले. तिथल्या कार्यकर्त्या बाई पन्नाशीच्या, आवाज मऊ, इंग्रजी बरे. मी कोण म्हणून त्यांनी विचारले. मी शिकवते म्हटल्यावर ‘सॉन्सॅंग्निम’ म्हणून किंचित वाकून नमस्कार केला. गुरुजनांना ते असे म्हणतात. आमच्या कॉलेजात मला कुणी वाकून नमस्कार केल्याला बरीच वर्षे झाली.

फाईल पातळ होती. चाळीस वर्षांच्या आयुष्याची सुरुवात एवढ्याशा कागदांत! वर इंग्रजीत टंकलिखित पान. त्याची डॅनिश आईकडे असलेली प्रत माझ्या मैत्रिणीला पाठ होती: आईवडील अज्ञात, मूल बेवारस सापडले, जन्म १७ एप्रिल. खाली एका नोंदीचा उतारा, त्यात ती एकटीच. घराण्याच्या नोंदवहीत ती एकटीच कुटुंबप्रमुख आणि एकटीच कुटुंब. वय महिने तीन. यालाच ‘गोआ’ची नोंद म्हणतात. अमेरिकेसारख्या देशांच्या कायद्याला परदेशी नेण्यासाठी मूल अनाथ लागे. मूल अनाथ नसेल तर त्याला कागदावर अनाथ करता येई, आणि ते काम अवघड नव्हते.

तिसरे पान कोरियन अक्षरांत, हाताने लिहिलेले, शाई फिकट झालेली. बाई ते थांबत थांबत वाचू लागल्या. मूल आणून देणारी मुलाची आजी, आईची आई. आईचे वय एकवीस. शिवणकामाच्या कारखान्यात नोकरी. बाप सोडून गेलेला. मूल दूध चांगले पिते. रात्री एकदा उठते. कुशीवर झोपवले की लवकर झोपते.

नावांच्या जागी पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या. आईची संमती मिळाल्याखेरीज तिची ओळख सांगता येत नाही, असा कायदा होता.

माझी मैत्रीण बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने एकच विचारले, “मग मी सापडले नव्हते?”

“त्या वेळी अशीच लिहायची पद्धत होती,” बाई म्हणाल्या. त्या खाली पाहत होत्या. त्यांनी स्वतः ते पान लिहिले नव्हते. तेव्हा त्या शाळेत असतील.

“कुशीवर झोपवायचं, हे कुणाला तरी माहीत होतं,” ती म्हणाली, आणि मग त्या खोक्यातला रुमाल घेतला.

मला तिथे बसल्या बसल्या, वाचकांनी हसू नये, मनुस्मृती आठवली. एम. ए.ला धर्मशास्त्राचा इतिहास वाचताना पुत्रांचे बारा प्रकार घोकले होते, ते कधी उपयोगी पडतील असे वाटले नव्हते. त्यांत एक दत्त आणि एक अपविद्ध. आईबापांनी विधिपूर्वक, हातावर पाणी सोडून दिलेला तो दत्त. आईबापांनी टाकलेला आणि दुसऱ्याने उचललेला तो अपविद्ध. कोरियन भाषेत दत्तक घेण्याला ‘इब्यांग’ म्हणतात: आत घेणे आणि पोसणे. चांगला शब्द आहे, पण त्यात घेणाराच दिसतो. आपल्या ‘दत्तक’मध्ये देणारा आहे. शब्दातच कबुली आहे की हे मूल कुणीतरी दिले, आणि देताना त्याच्या हातात काहीतरी होते. कवळाण्याचा गोपाळ १८७५ साली बडोद्याच्या गादीवर बसून सयाजीराव झाला, म्हणून कवळाणे कुणी पुसून टाकले नाही. तो दिलेला होता. माझ्या मैत्रिणीलाही दिले होते. आजी दारापर्यंत येऊन, झोपेच्या सवयी सांगून देऊन गेली होती. फायलीच्या पहिल्या पानाने तिला टाकलेली केले. आणि चाळीस वर्षे ती तशी जगली. तिच्या डॅनिश आईनेही बिचारीने तेच खरे मानून, हळुवारपणे, पुन्हा पुन्हा तिला तेच सांगितले.

निघताना बाईंनी विचारले, वरच्या मजल्यावरची बाळे पाहायची का? स्वयंसेवक तिथे दूध पाजायला येतात. आम्ही हात धुतले, अंगावर एप्रन चढवले. खोलीत मोजकीच बाळे होती. मला दिलेले बाळ दोन महिन्यांचे, डोक्यावर काळेभोर उभे जावळ. बाटली संपेपर्यंत त्याने माझ्यावरची नजर काढली नाही. मी त्याला मराठीत काय काय सांगितले ते इथे छापण्यासारखे नाही. सगळ्याच बायका सांगतात तेच.

२०१२ पासून तिथे कायदा बदलला होता. आईला बाळंतपणानंतर सात दिवस तरी विचार करायला द्यायचे, जन्माची नोंद झालीच पाहिजे, आणि दत्तकाला कोर्टाची मान्यता हवी. बाई म्हणाल्या, पूर्वीसारखी मुले आता जात नाहीत, बरीच देशातच दत्तक जातात. ११ मे हा तर तिथे दत्तक दिन आहे. एका घराने एक मूल घ्यावे, मग एक आणि एक अकरा, असा त्यातला हिशेब. पण जन्मनोंद सक्तीची झाली म्हणून काही मुली घाबरतात. नोंदीत आपले नाव दिसेल, पुढे लग्न कसे होईल? सोलमध्ये एका चर्चच्या भिंतीला २००९ पासून एक कपाट केलेले आहे. बाहेरून दार उघडायचे, बाळ ठेवायचे, आत घंटी वाजते.

पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ साली बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, ते याच भीतीवर उतारा म्हणून. मी बाईंना ते सांगितले. फसलेल्या विधवेने गुपचूप यावे, बाळंत व्हावे, हवे तर मूल ठेवून जावे. फुल्यांनी अशाच एका काशीबाईचा मुलगा घेतला, त्याचे नाव यशवंत ठेवले, त्याला डॉक्टर केले. बाईंनी वर्ष पुन्हा विचारले. “१८६३?” मग म्हणाल्या, “आमच्याकडे अजून त्या मुली मोठा कोट घालून फिरतात, पोट दिसू नये म्हणून.” आपल्याकडेही अशा मुली सुखाने फिरतात असे मला म्हणता आले नाही.

हे सारे मला जरा जास्तच लागले, त्याला कारण होते. माझी धाकटी बहीण आणि तिचे यजमान त्या वेळी दत्तकाच्या सरकारी यादीत नाव घालून वाट पाहत होते. (तिला विचारूनच लिहिते आहे.) घरात सगळे तयार झाले होते, अगदी तिच्या सासूबाईसुद्धा. फक्त आत्याबाईंची एक अट होती. “घ्यायचं तर टाकलेलंच घ्या हो,” त्या म्हणत, “दिलेलं नको. दिलेल्याला आई असते. उद्या ती दारात उभी राहिली तर?”

आपल्या २०१५ च्या बाल न्याय कायद्यात अनाथ, टाकलेले आणि आईवडिलांनी सुपूर्द केलेले असे मुलांचे वेगवेगळे प्रकार आहेत. सुपूर्द करणाऱ्या आईला फेरविचारासाठी साठ दिवस मिळतात. कोरियापेक्षा हे बरे. पण आत्याबाईंचे जे बोलणे, ते मी नंतर इतक्या सुशिक्षित घरांतून ऐकले आहे की त्यांना एकट्यांना नावे ठेवायचे कारण नाही. मूल कुणाचेच नसेल तरच ते पुरते आपले होईल, ही समजूत. कोरियातल्या त्या पहिल्या पानाला गिऱ्हाईक कोण होते, हे मला आत्याबाईंमुळे कळले. डेन्मार्कला, अमेरिकेला, स्वीडनला असेच मूल हवे होते, ज्याच्या मागे कुणी नाही. मागणी तशी कागदपत्रे.

परत आल्यावर मी बहिणीला त्या तिसऱ्या पानाबद्दल सांगितले. २०२१ साली तिच्याकडे मुलगी आली, दहा महिन्यांची. दिलेली. संस्थेने तिच्याबरोबर एक फाईल दिली, तीत मुलीचे तिथले नाव आहे, अंगाई लागते की नाही ते आहे. बहिणीने ती फाईल प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दागिन्यांच्या कप्प्यात ठेवली आहे. अठरा वर्षांची झाली की मुलीला स्वतः अर्ज करून आपले मूळ शोधायचा अधिकार आपल्या दत्तक नियमांत आहे, हेही तिने विचारून घेतले. आत्याबाई मुलीला मांडीवर घेऊन तूपभात भरवतात आणि फायलीचा विषय निघाला की उठून देवघरात जातात. त्यांचे भय गेलेले नाही. बहिणीचेही गेले आहे असे मी म्हणणार नाही. ती कप्प्याची किल्ली गळ्यातल्या साखळीत ठेवते.

माझ्या मैत्रिणीचा शोध पुढे फारसा सरकला नाही. संस्थेने आईच्या जुन्या पत्त्यावर पत्र धाडले, उत्तर आले नाही. तिने रक्ताच्या नात्याची चाचणी करून घेतली, कुणाशी जुळले नाही. २०२२ साली डेन्मार्कमधल्या तिच्यासारख्यांनी पुढाकार घेऊन कोरियाच्या सत्य आणि समेट आयोगापुढे अर्ज केले. एकूण ३६७ अर्ज झाले. २०२५ च्या मार्चमध्ये आयोगाने पहिल्या ५६ जणांच्या बाबतीत मानवी हक्कांचे उल्लंघन झाल्याचे मान्य केले. आईवडील असलेल्या मुलांना अनाथ लिहिले गेले, संमती नीट घेतली गेली नाही, काही मुले तर दुसऱ्याच मुलाच्या नावावर धाडली गेली, आणि सरकारने डोळेझाक केली. हे सारे सरकारी आयोगाने लिहिले. अमेरिकेत गेलेल्या काहींची कथा याहून वाईट. नव्या आईबापांनी नागरिकत्वाचे कागद पुरे केले नाहीत, आणि चाळिशीत त्यांना परत कोरियात धाडण्यात आले, जिथली भाषा त्यांना येत नव्हती. १९९८ साली अध्यक्ष किम दे-जुंग यांनी काही दत्तकांना बोलावून त्यांची क्षमा मागितली होती. २ ऑक्टोबर २०२५ रोजी अध्यक्ष ली जे-म्युंग यांनी देशातर्फे पुन्हा मागितली. त्याच वर्षी दत्तकाचे काम खासगी संस्थांकडून सरकारने आपल्या हाती घेतले आणि फायली सरकारी केंद्राकडे हलवायला सुरुवात झाली.

क्षमेची बातमी वाचून मी तिला लिहिले. उत्तरात क्षमेबद्दल दोनच ओळी होत्या. “बरं झालं. आता त्या पांढऱ्या पट्ट्या काढा म्हणावं.”

एक गोष्ट मात्र तिला त्या फायलीतून मिळाली, आणि ती शोधायला मराठीच्या मास्तरणीचा थोडा उपयोग झाला. तिसऱ्या पानावर जन्मदिवस होता चौथ्या महिन्याची सतरावी, आणि पुढे एक छोटे अक्षर. त्या अक्षराचा अर्थ ‘चांद्र’, असे बाईंनी सांगितले. आजीने तिथी सांगितली होती. इंग्रजी पान करणाऱ्याने तीच तारीख समजून १७ एप्रिल टंकून टाकली. कोरियन महिना आपल्या मराठी महिन्यासारखाच अमावास्येनंतर सुरू होतो. त्यांच्या चौथ्या महिन्याच्या अष्टमीला बुद्धजयंती, तेव्हा सोलमध्ये रस्तोरस्ती कागदी कंदील लागतात. आम्ही पोचलो तेव्हा ते लागलेलेच होते. त्या रात्री फोनवर पंचांग काढून मी तिला सांगितले, तू कंदिलांनंतर नऊ दिवसांनी जन्मलीस. आमच्या हिशेबाने वैशाख वद्य द्वितीया. त्या वर्षी त्यांची सतरावी २१ मे रोजी येत होती, आम्ही अजून तिथेच होतो.

कोरियात बाळंतिणीला समुद्रशेवाळाचे सूप पाजतात, आपल्याकडे अळिवाची खीर देतात तसे, आणि पुढे जन्मभर प्रत्येक वाढदिवसाला तेच सूप प्यायचे. वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकीण बाईंना कुणीतरी सांगितले असावे. २१ तारखेला सकाळी सगळ्या आजीबाईंच्या आधी तिच्यापुढे वाटी आली. चव मला काही फारशी रुचली नाही. तिने दोन वाट्या प्यायल्या.

आता ती दर वर्षी १७ एप्रिलला सूप करते, कारण डॅनिश आई त्या दिवशी केक घेऊन येते, आणि एकदा तिथीने करते. वैशाख वद्य द्वितीया केव्हा आहे ते मी कालनिर्णय पाहून कळवते. २०२३ साली मात्र घोटाळा झाला. त्यांचा अधिक मास वसंतात आला, आपला श्रावणात, आणि दोन पंचांगांत महिन्याचे अंतर पडले. माझी द्वितीया मेच्या पहिल्या आठवड्यात आली आणि त्यांची सतरावी जूनमध्ये. तिने त्या वर्षी तीनदा सूप केले.